शिळं पाणी

पाणी कुणाला किती द्यायचं हे माणसाच्या हातात ठेवूच नका, असं हिवरनगरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं असेल, तर उज्ज्वला खारवे. म्हणायला कारणही तसंच होतं. तिच्या लहानपणी पाणी नळातून येत नसे, ओळखीतून येई. नगरसेवकाच्या मेहुण्याच्या गल्लीत दोन तास, तिच्या गल्लीत वीस मिनिटं. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला चहा पाजला तर आणखी दहा. ही पोर घागर घेऊन रांगेत उभी राहता राहता शिकली, अभियंता झाली, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लागली आणि पाच वर्षं खपून तिनं 'समतोल' उभा केला.

आता समतोल म्हणजे काय, ते नीट सांगतो. धरणातून शहराला रोज मिळणारं पाणी ठरलेलं. शहराचे विभाग बासष्ट. सगळ्यांना सारखं वाटलं तर कुठं मोरीतून वाहून जातं आणि कुठं प्यायलाही पुरत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की शेवटचा लिटर कुठं दिला तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल? ऊन, लग्नसराई, पाइपांची गळती, सणवार हे सगळं धरून हे गणित रोज सोडवायचं, हे माणसाच्या आवाक्यातलं काम नव्हे. समतोल ते दर पंधरा मिनिटांनी सोडवी आणि विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आपणच उघडी, आपणच मिटी.

पण कुणाची गरज किती, हे ओळखायचं कसं? लोकांना विचारलं तर प्रत्येक जण चढवूनच सांगणार. इथं उज्ज्वलानं डोकं लढवलं. पंगतीतला जाणता वाढपी कुणाला विचारत बसत नाही, पानाकडं बघतो. पान लख्ख असेल तिथं वाढतो, अन्न टाकलेलं दिसलं की पुढं सरकतो. तिनं प्रत्येक विभागाच्या गटाराच्या तोंडाशी संवेदक बसवले. वापरलेल्या पाण्यात साबण असतो, मीठ असतं, त्यातून वीज सहज वाहते. स्वच्छ पाण्यातून तितकी वाहत नाही. त्यामुळं गटारात जाणारं पाणी वापरून सोडलेलं आहे की न वापरताच ओतलेलं, हे संवेदकाला बसल्या जागी कळे. न वापरता ओतलं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त मिळालं. मग त्या विभागाची पाळी लांबवायची आणि वाचलेलं पाणी दुसरीकडं द्यायचं. हा नियम क्रमांक सतरा. तो उज्ज्वलानं स्वतः लिहिला होता आणि त्यासाठी तिचा शाल-नारळ देऊन सत्कारही झाला होता.

आणि हो, यात कुणालाही हात घालायची सोय नव्हती. आयुक्तांनाही नाही. नगरसेवक कपाळाला हात लावून बसले, ते पाहून उज्ज्वलाला झालेला आनंद तिनं लपवलासुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी ती कार्यालयात आली तेव्हा कार्यकारी अभियंता घोडके पडद्यासमोर उभे होते. चाचणीचं वर्ष संपत आलं होतं. गुरुवारी दुपारी बारा वाजता समतोल पुढच्या वर्षाच्या पाळ्यांचा आराखडा ठरवणार, आयुक्तांची बैठक त्यावर शिक्का मारणार, आणि मग वर्षभर त्यात काडीचाही बदल नाही, असं ठरलं होतं.

"खारवे, तुमचे वसाहतवाले फारच उधळे दिसतात हो," घोडके म्हणाले.

पडद्यावर विणकर वसाहतीचं नाव लाल झालं होतं. वर्षाच्या सुरुवातीला तिथं चौथ्या दिवशी पाणी येई, मग सहाव्या, आता नवव्या. पुढच्या वर्षासाठी प्रस्ताव होता बाराव्या दिवसाचा. शेजारी कारण दिलं होतं. न वापरता ओतलेलं पाणी आधी नऊ टक्के, मग एकोणीस, आता चौतीस.

"साहेब, हे कसं शक्य आहे? तिथं एका घरात फार तर दोनशे लिटरचं एक पिंप असतं. त्यातलं चौतीस टक्के कोण ओतून देईल?"

"आकडा तुमच्याच संवेदकाचा आहे. बिघडलाय म्हणाल तर दोनदा तपासून घेतलाय." घोडके माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली माणसं जशी जपून पाय टाकतात, तसा तो बोलत होता.

विणकर वसाहत म्हणजे तिचं माहेर. आई गेल्यावर तिला ज्या बहिणीनं वाढवलं, ती शालनअक्का अजून तिथंच राहत होती. पाळी नऊ दिवसांवर गेल्यापासून उज्ज्वलानं तिकडं जाणंच टाळलं होतं. गेलं की बायका गाऱ्हाणी सांगणार, आणि इकडं कार्यालयात कुणी तरी म्हणणार, बघा, माहेरची सोय लावायला गेली. अक्काचा फोन आला की ती एकच सांगे, "यंत्र चुकत नाही, अक्का." सहा महिने असे काढले होते तिनं.

त्या दुपारी मात्र ती गेली.

"या बाई, या! वाट चुकला काय?" अक्का दारातच म्हणाली. गळ्यात आशा सेविकेचं ओळखपत्र, हातात बॅटरी, काखेत वही. घरोघरी जाऊन पिंपात बॅटरी मारायची, डासांच्या अळ्या शोधायच्या, दारावर खडूनं तारीख टाकायची, हे तिचं काम. "बस. चहा टाकते. पाणी मोजून पितो आम्ही, पर तुला चहा देऊ शकतो."

"टोमणे नंतर मार, अक्का. आधी पिंप दाखव."

मोरीतलं निळं पिंप अर्ध्याला थोडं कमी भरलेलं होतं. उज्ज्वला बघतच राहिली. "आज सातवा दिवस ना? अजून एवढं शिल्लक?"

"मग? संपवून बसू? परवा न्हाई आलं तर?"

"येणार अक्का. ठरलेल्या वेळी येणार."

"चैत्रात मोटार जळली तवा आलं व्हतं ठरल्या वेळी? दोन दिस थेंब न्हवता. तवापास्नं कुठलीच बाई शेवटच्या पाण्याला हात लावत न्हाई. पोरांच्या आंघोळी बंद करतील, पर तेवढं राखून ठेवतील."

"आणि मग त्याचं काय करता?"

"काय करायचं? नळाला सूं आवाज आला की देतो ओतून. नऊ दिसांचं शिळं पाणी पेणार हाय का कुणी? आणि हे बघ." अक्कानं बॅटरी मारली. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. "पाणी यायच्या आधी पिंप रिकामं झालंच पायजे, घासलंच पायजे. कोरडा दिवस. तुमच्याच महापालिकेचा आरोग्य विभाग सांगतो मला, आणि मी दारोदार वरडून सांगते."

उज्ज्वला उंबऱ्यावर बसली. सगळं एका दमात तिच्या ध्यानात आलं. चौथ्या दिवशी पाणी येत होतं तेव्हा बायका धास्तीपोटी हंडाभर राखून ठेवत. सहावा दिवस झाला तेव्हा दोन-तीन हंडे. नववा झाला आणि पाव पिंपाच्या वर गेलं. पाळी जेवढी लांब, तेवढी भीती मोठी. राखलेलं पाणी वाढलं, तसं शेवटी ओतलेलंही वाढलं. इथं लोक आंघोळीवाचून राहत होते आणि समतोलला तिथं सुकाळ दिसत होता. बारा दिवस केले तर आणखी राखतील, आणखी ओततील, मग पंधरा दिवस. याला शेवटच नव्हता.

"अक्का, एक काम कर," ती घाईघाईनं म्हणाली. "परवा कुणालाही ओतायला लावू नकोस. फक्त एक दिवस. तेवढा आकडा खाली आला की पाळी वाढायची नाही."

अक्काचा चेहरा बदलला. "काय म्हणलीस?"

"एकच दिवस गं."

"कलावतीची सून आठवती तुला? भाद्रपदात डेंग्यूनं गेली. सात महिन्यांची पोटुशी व्हती. त्यांच्या पिंपात ढीगभर अळ्या निघाल्या. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या दारावरनं तशीच म्होरं गेले व्हते, पाय दुखत व्हते म्हणून. एक दार सोडलं मी. एकच." अक्कानं बॅटरी विझवली. "तू मला तेवीसशे दारं सोड म्हणतीस?"

"मग बारा दिवसांनी पाणी येईल, अक्का! वर्षभर!"

"तुझ्या यंत्राला सांग की, बाबा, असं असं हाय."

"त्याला सांगता येत नाही."

"असलं कसलं गं यंत्र, ज्याला सांगता येत न्हाई?"

"तसंच बनवलंय. मीच बनवलंय." एवढं बोलून उज्ज्वला उठली आणि चहा न घेताच निघाली. रिक्षात बसल्यावर तिला रडू कोसळलं.

बुधवारी सकाळी तिनं सगळं घोडक्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"पटतंय मला. पण माझ्या पटण्याला काय किंमत? समतोल थांबवायचा एकच रस्ता तुम्ही ठेवलाय. ज्यानं नियम लिहिला, त्यानं लेखी द्यायचं की माझा नियम चुकला. त्या क्षणी नियम बंद. मग चौकशी, आणि त्या माणसाला समतोलच्या कामाला पुन्हा हात लावता येत नाही. ही अट कुणाची?"

"माझीच."

"आणि तुमचं माहेर कुठलं, हे इथल्या शिपायालाही ठाऊक आहे. लोक चूक-बीक काही म्हणणार नाहीत, खारवे. वशिला म्हणतील."

ती जागेवर येऊन बसली. तो अर्ज तिनं पडद्यावर उघडला. दोनच ओळी आणि खाली सहीची जागा. तासभर ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग तिनं तो मिटला. खरं सांगायचं तर ती घाबरली. पाच वर्षं जो शब्द ऐकला की तिच्या अंगाचा तिळपापड होई, तोच शब्द आपल्या कपाळी चिकटणार, हे तिला सोसवेना. चूक जगासमोर न सांगता निस्तरता आली तर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं.

दुपारी अक्काचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ऐक. ओतायचं न्हाई आणि अळ्याबी ठेवायच्या न्हाईत, असं चालंल का तुझ्या त्या यंत्राला?"

"म्हणजे कसं?"

"आगं, विणकरांची वस्ती हाय ही. घरात दुसरं काय नसलं तरी कापड हाय. जाड कापड दुहेरी धरायचं, पिंपातलं पाणी त्यातनं बादल्यांत गाळून घ्यायचं. अळ्या कापडात ऱ्हात्यात, ते उन्हात टाकायचं. पिंप घासून उलटं मारायचं, म्हंजे कडंला चिकटलेली अंडीबी जात्यात. गाळलेलं पाणी पेऊ नका, धुण्याला घ्या, लाद्या पुसा. ते गटारात जाईल ते साबणाचं जाईल. चालंल का?"

"चालेल! अक्का, हे पळेल गं!"

"चालंल म्हणू नको एवढ्यात. दोन वर्सं 'ओता, ओता' म्हणून घसा फोडलाय मी. आता 'ओतू नका' म्हणले तर बाया तोंडात शेण घालतील. तुझ्यासाठी करते, उजू. एकदाच."

गुरुवारी सकाळी आठ वाजता उज्ज्वला वसाहतीत हजर होती. मोबाइलवर गटाराच्या संवेदकाचा आलेख उघडलेला. पाणी दहाला सुटणार होतं. अक्का आणि तिच्या तीन सोबतिणी गल्ल्या वाटून घेऊन सुटल्या. दाराबाहेर बादल्या मांडल्या गेल्या, दोन बायका कापडाची टोकं धरून उभ्या, तिसरी पिंप कलतं करतेय, असं दृश्य घरोघरी दिसायला लागलं. यंत्रमागही त्या दिवशी तासभर थांबले.

"काय बाई हाय का कोण!" शंकरप्पा नावाचे एक म्हातारे विणकर ओट्यावरून गरजले. "काल शिळं पाणी घरात ठेवलं म्हणून माझ्यावर डाफरली, आज ओतू नको म्हणून डाफरती! तुझं एक काय ते ठरव आधी."

"ठरलंय आप्पा. तुमचं धोतार आज तुम्ही सोता धुवायचं, त्याच पाण्यात," अक्का म्हणाली. गल्ली हसली, आणि पुटपुटत का होईना, म्हातारा धोतर घेऊन बसला.

नऊ वीसला आलेख एकदम वर उसळला. "मागची गल्ली!" उज्ज्वला ओरडली आणि पळत सुटली. तिथं निरोपच पोचला नव्हता, चार-पाच घरांची पिंपं आडवी झाली होती. "थांबा! ओतू नका! हात जोडते, ओतू नका!" पदर खोचून तिनं स्वतः एक पिंप सरळ केलं, कोपरापर्यंत भिजली. बायका तिच्याकडं बघत राहिल्या. "ही शालनची बहीण न्हवं?" कुणी तरी म्हणालं.

दहा वाजता नळांनी आवाज केला. उलटी पिंपं सुलटी झाली. उज्ज्वलानं मोबाइल अक्कासमोर धरला. चौतीसवरून आकडा दीडवर आला होता.

"जमलं?"

"जमलं अक्का!" उज्ज्वलानं तिला मिठी मारली. अक्का धापा टाकत होती, पायांना सूज आली होती, पण हसत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघी बहिणी एका ओट्यावर बसून चहा प्याल्या.

बाराला पाच कमी असताना ती सभागृहात पोचली. आयुक्त मॅडम, घोडके, सगळ्या विभागांचे प्रमुख बसले होते. मोठ्या पडद्यावर बासष्ट नावं. ठीक बारा वाजता ती हलू लागली आणि विणकर वसाहतीचं नाव हिरवं झालं. उज्ज्वलानं डोळे मिटले. उघडून ती पुढचं वाचू लागली.

पडद्यावर लिहिलं होतं: 'विणकर वसाहत. पाळी नऊ दिवसांची केल्यावर ओतलेलं पाणी जवळजवळ बंद. म्हणजे नऊ दिवसांची पाळी पुरेशी व योग्य. वर्षभर कायम. हाच उपाय आणखी चौदा विभागांना लागू.'

कुणी तरी टाळी वाजवली. "वा! शिस्त लागली म्हणायची."

ती काय करून बसली होती, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं, आणि घोडक्यांना आता उमगत होतं. ओतलं तर जास्त झालं म्हणून कापणार, नाही ओतलं तर कापल्याचा गुण आला म्हणून तसंच ठेवणार. यंत्राला फसवायला गेली आणि फसवून यंत्राच्याच हातात पुरावा दिला. अक्काचे सुजलेले पाय, शंकरप्पांचं धोतर, तेवीसशे घरांची सकाळ, सगळं त्या चौदा विभागांच्या मुळावर आलं होतं. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

"शिक्का मारायचा का?" आयुक्तांनी विचारलं.

"नाही, मॅडम." उज्ज्वला उभी राहिली. "नियम सतरा चुकीचा आहे. मी लिहिलाय. लोक पाणी जास्त झालं म्हणून ओतत नाहीत. पुन्हा मिळेल की नाही या भीतीनं राखतात आणि शिळं झालं म्हणून ओततात. आपण कापलं की भीती वाढते. आजचा आकडा खोटा आहे, तो मीच घडवून आणलाय. आणि विणकर वसाहत माझं माहेर आहे, हेही लिहून घ्या. मी सही करते."

घोडके हळूच म्हणाले, "खारवे, लोक काय म्हणतील, बोललो होतो मी."

"म्हणू देत, साहेब."

तिनं सही केली. एक वाजता नियम बंद झाला. सगळे विभाग चौकशी संपेपर्यंत वर्षापूर्वीच्या पाळीवर गेले. तीन वाजता तिच्या हातात बदलीचा कागद पडला: रस्त्यावरचे दिवे.

चौथ्या दिवशी, सोमवारी, वसाहतीत पाणी आलं. त्या संध्याकाळी ती अक्काकडं गेली तर ओट्यावर बायकांची ही गर्दी.

"बहीण असावी तर अशी!" कलावतीनं तिची दृष्ट काढली. "एका सहीत पाणी आणलं."

"अहो मावशी, वशिला नाही हो. नियमच चुकला होता. सगळ्या शहराची पाळी बदलली."

"व्हय, व्हय," कलावतीनं डोळा मिचकावला. "आम्ही कुठं बाहेर बोलतोय?"

बायका हसल्या. उज्ज्वलानं अक्काकडं बघितलं, तर तीही हसू दाबत होती. रागवावं की रडावं, उज्ज्वलाला कळेना.

गर्दी पांगल्यावर एक अनोळखी बाई मागं राहिली. कपाळ मोकळं, पायांत साध्या स्लिपर. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विभागातून, बेलबागेतून, दोन रिक्षा बदलून आली होती.

"आमचं कुणी न्हाई बघा महापालिकेत," ती खाली बघत म्हणाली. "आता चौथ्या दिशी आलं पाणी, पर चौकशी झाली की परत कापत्याल म्हणत्यात. तुम्ही तेवढं आमच्यासाठी सांगा की कुणाला तरी."

ओळख लागत नाही, असं म्हणायला उज्ज्वलानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बेलबागेचा आकडा तिला पाठ होता. माघ महिन्यात एका आठवड्यात सोळा टक्के स्वच्छ पाणी गटारात. समतोलनं लगेच पाळी दोन दिवसांनी वाढवली होती, आणि तेव्हा तिनं ते पाहून समाधानानं मान डोलावली होती.

"बसा," ती म्हणाली. "माघात तुमच्याकडं सगळ्यांनी एकदम पाणी का ओतलं होतं?"

बाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. एवढं शिकलेल्या बाईला हे ठाऊक नसावं, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"माणूस गेलं की भरलेलं पाणी घरात ठेवत न्हाईत ना, ताई," ती म्हणाली. "सगळी भावकी ओतती. त्या आठवड्यात काविळीनं सात माणसं गेली आमची."